बांधावरची लांडोर

“मोर बघायचा तर उशीर केलात,” आजी म्हणाल्या. “दिस उगवायच्या आत यायला पाहिजे. आता उन्हाचं झाडाबुडी बसून राहत्यात.”

“मोर नाही आजी, मला लांडोर बघायचीय. अंड्यांवर बसलेली.”

आजींनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि आधी माझ्याकडे, मग माझ्या भाच्याकडे पाहिलं. या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतंय का ते बघत असाव्यात. “लांडोरीत काय बघायचं वो ताई? बसलीय ती. नुसती बसलीय.”

नुसती बसलेली लांडोर बघायला आम्ही पुण्याहून सकाळी निघालो होतो. मोराची चिंचोली हे शिरूर तालुक्यातलं गाव पुण्यापासून ५०-५५ किलोमीटरवर. नगर रस्त्यानं (जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडी अजून नगर रस्ताच) वाघोली, कोरेगाव भीमा करत शिक्रापूर गाठायचं आणि तिथून डावीकडे वळून कान्हूर मेसाईच्या बाजूला जायचं. वाघोलीच्या कोंडीत जेवढा वेळ जातो तेवढ्यात पुढचा सगळा रस्ता होतो. शिक्रापूर मागे पडलं की कारखान्यांच्या भिंती संपतात. मग बाजरीची कोवळी रानं, उसाचे पट्टे, बांधावर बाभळी, आणि गाव जवळ आलं की चिंचा. म्हाताऱ्या, काळ्या खोडाच्या, गाडीवर सावली धरणाऱ्या चिंचा. पेशवाईत लावलेल्या म्हणून सांगतात. गावाच्या नावात त्या आहेतच, आणि मोर त्यांच्यामुळेच आले असंही गावकरी सांगतात. ते पटण्यासारखं आहे. मोराला रात्री बसायला उंच झाड लागतं, दिवसा चरायला मोकळं रान लागतं आणि लपायला झुडूप लागतं. इथे तिन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर आहेत. चौथी गोष्ट म्हणजे दगड न मारणारी माणसं. ती नसती तर पहिल्या तिन्ही असूनही भागलं नसतं.

येणारे सगळे मोर बघायला येतात. हुरडा, पिठलं-भाकरी, बैलगाडीची फेरी आणि मोराचा नाच असा इथला ठरलेला बेत. भाच्याची सात वर्षांची लेक सोबत होती, तीही नाचासाठीच आली होती. लांडोरीसाठी मी एकटीच. आपल्याकडे हा पक्षी सरस्वतीजवळ आहे, कार्तिकेयाचं वाहन आहे, पैठणीच्या पदरावर आहे, १९६३ पासून राष्ट्रीय पक्षीही आहे. पण या प्रत्येक ठिकाणी तो नर आहे. पदरावर लांडोर विणलेली पैठणी मी तरी पाहिलेली नाही. लांडोर म्हटलं की कानाला आधी ‘लांडा’ ऐकू येतं. तिची ओळखच मुळी तिच्याकडे काय नाही त्यावरून करून द्यायची.

आजींकडे दोन खोल्या पाहुण्यांना देतात. ओसरीवर बसून चहा झाला तेव्हा त्यांनीच विषय काढला. “लांडोर नंतर दावते. आधी आमची खुडूक बघा.”

गोठ्याच्या कोपऱ्यात पाटीत भुसा घालून एक तांबडी गावठी कोंबडी बसवली होती. आजींनी हात पुढे नेला तशी तिनं अंगावरची सगळी पिसं फुलवली, दुप्पट झाली आणि घशातून ‘कर्रर्र’ असा एक रागीट आवाज काढला. जागची मात्र हलली नाही. आजींनी तिच्या पोटाखाली हात घालून एक अंडं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. ते नुसतं कोमट नव्हतं, चांगलं गरम होतं.

हे गरम असणं सोपं नाही. कोंबडी खुडूक होते तेव्हा तिच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक भरपूर सुटायला लागतं. त्यानं अंडी घालणं थांबतं आणि बसण्याची ओढ सुरू होते. पोटावरची पिसं विरळ होतात, तिथल्या कातडीखाली रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि ती उघडी ऊबदार कातडी थेट अंड्याला टेकते. पिसांनी ऊब आत कोंडली जाते, म्हणून पिसं अंड्याच्या आड नकोत, असा हा हिशेब. भूक मंदावते. दिवसातून एकदा उठायचं, चार दाणे टिपायचे, पाणी प्यायचं, घरट्यापासून दूर जाऊन एक भलीमोठी शीट टाकायची आणि परत यायचं. शीट घरट्यात पडली की वासावर मुंगूस येतो.

“किती माया असते नाही,” मी म्हटलं.

“माया कसली?” आजी म्हणाल्या. “अंगातली गरमी असती ती. उतरली की उठती. मागल्या साली एक बया कांद्यावर बसली व्हती. दोन कांदं आन् एक दगूड. आठ दिवस.”

मी गप्प बसले. कांदा उबवणाऱ्या कोंबडीपुढे माझं मायेचं वाक्य टिकण्यासारखं नव्हतं.

खुडूक नको असेल तर जुनी माणसं कोंबडीला गार पाण्यात बुचकळायची, नाहीतर तिच्या नाकात पीस खुपसायची. आजींनी दोन्ही केलेलं आहे आणि त्याचं त्यांना काही वाईट वाटत नाही. माणसानं याहून मोठा उपाय करून ठेवलाय. अंड्यांच्या धंद्यासाठी पिढ्यान्पिढ्या निवडून वाढवलेल्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या क्वचितच खुडूक होतात. बसली की अंडी थांबतात, म्हणून बसणारीची पुढची पिढी घेतलीच नाही. लांडोरीवर हा प्रयोग कोणी केला नाही. तिचं खुडूकपण अजून तसंच्या तसं आहे.

दुपारी ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. आजींची अट होती: बांधापर्यंत जायचं नाही, पत्र्याच्या शेडच्या आडून बघायचं, पोरीनं ओरडायचं नाही. शेडपासून बांध शंभरेक फुटांवर. मी दुर्बीण लावली. गवत, तरवडाची पिवळी फुलं, घायपाताची एक रांग, दगड. दहा मिनिटं मी गवत बघत होते.

“त्या घायपाताच्या डाव्या अंगाला दगूड हाय का?”

“आहे.”

“त्यो दगूड न्हाय.”

मग दिसली. मातकट पाठ, पानांच्या सावल्यांसारखे फिकट-गडद ठिपके, आणि मानेची हिरवी झाक तेवढी जमिनीलगत ओढून घेतलेली. तुरा गवताच्या काड्यांत काडी होऊन उभा. ही चांगली ३ किलोची, चोचीपासून शेपटीपर्यंत हातभराहून खूप मोठी पक्षीण आहे आणि शंभर फुटांवर दुर्बिणीतून मला दिसत नव्हती. तिला पिसारा का नाही, या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

आजींना ही जागा कळली ती अपघातानं. जूनच्या अखेरीस बांधावरचं गवत कापताना विळ्यापासून हातभर अंतरावर लांडोर फडफडत उठली. “काळीज तोंडात आलं,” आजी म्हणाल्या. खाली गवतात एक उथळ खळगा, त्यात चार वाळकी पानं आणि तीन अंडी. लांडोरीचं घरटं म्हणजे एवढंच. पायांनी माती उकरायची, आजूबाजूचा पाला-काड्या ओढून घ्यायच्या, झालं. सुगरणीच्या कारागिरीशी त्याची तुलनाच नको. पडक्या इमारतींवर, कधी गिधाडांनी सोडून दिलेल्या झाडावरच्या घरट्यांतही लांडोरीनं अंडी घातल्याच्या नोंदी आहेत, पण बहुतेक कारभार जमिनीवरचाच.

अंडी फिकट, दुधात चहाचा थेंब पडावा तशा रंगाची असतात. जवळपास ७ सेंटिमीटर लांब, म्हणजे गावठी कोंबडीच्या अंड्याच्या दुप्पट ऐवजाची. रानात एका घरट्यात साधारण ४ ते ८ असतात. सगळी एका दिवसात येत नाहीत. लांडोर बहुधा एक दिवसाआड एक अंडं घालते. आजींनी तो गवताचा पट्टा कापायचा सोडून दिला आणि आठवड्यानं लांबून डोकावल्या, तेव्हा पाच झाली होती.

आता इथे एक अडचण आहे, जी मला पुण्यात बसून कधी सुचली नव्हती. पहिलं अंडं आणि पाचवं अंडं यांत आठ-नऊ दिवसांचं अंतर. पहिल्या अंड्यापासूनच ऊब द्यायला सुरुवात केली तर पहिलं पिल्लू बाहेर येऊन भुकेनं रानभर हिंडेल, तेव्हा पाचव्याला आणखी आठवडा बसावं लागेल. पिल्लामागे जावं तर अंडी गार होतात, अंड्यांवर राहावं तर पिल्लू मरतं. घुबडांसारखे पक्षी पहिल्या अंड्यापासून बसतात आणि त्यांची पिल्लं लहान-मोठी निघतात. त्यांना ते चालतं, कारण पिल्लं घरट्यातच राहतात. लांडोरीची पिल्लं जन्मल्या दिवशी चालू लागतात. म्हणून ती अंडी घालून निघून जाते. गार अंड्यातला जीव थांबून राहतो, मरत नाही. शेवटचं अंडं घातलं की मग ती बसते. सगळ्यांचं घड्याळ एकाच वेळी सुरू होतं आणि २८ दिवसांच्या आसपास सगळी एकदम फुटतात. मधल्या त्या आठ-नऊ दिवसांत अंडी बेवारस पडल्यासारखी दिसतात, आणि कुणीतरी कनवाळू माणूस ती उचलून घरी आणतो.

“पूर्वी आणायचे,” आजी म्हणाल्या. “आमच्या सासऱ्यांनी आणून कोंबडीखाली घातल्याली. कोंबडीचं एकवीस दिस. ह्यांचं अट्ठावीस. पर कोंबडी काय क्यालेंडर बघती? फुटंस्तवर बसली.”

ही युक्ती मोर पाळणारे जगभर वापरत आलेत. कोंबडीला दिवस मोजता येत नाहीत, तिला पोटाखालचा स्पर्श कळतो. फक्त त्यात एक धोका असतो. कोंबड्यांच्या पोटातल्या जंतांबरोबर येणारा एक आजार कोंबडी सहज पचवते, पण मोराच्या पिल्लाच्या यकृताचा तो नाश करतो. सासऱ्यांची पिल्लं महिनाभरात गेली होती, आजींना कारण माहीत नव्हतं. आज तो प्रश्नच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मोर आहे, आणि अंडी उचलणं किंवा घरटं मोडणं हीसुद्धा कायद्यानं शिकारच. शेतात घरटं सापडलं आणि काय करावं कळेना, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. त्याआधी करायची गोष्ट आजींनी केली तीच. चार पेंढ्या गवत सोडायचं.

दोन तास मी शेडच्या आडून बघत बसले. त्या दोन तासांत लांडोरीनं काय काय केलं ते सांगते. एकदा मान डावीकडून उजवीकडे नेली. एकदा अर्धवट उठली, पोटाखाली चोच घालून अंडी हलवली, परत बसली. एक सर आली तेव्हा पंख जरासे सैल करून छपरासारखे पसरले. संपलं. भाच्याची लेक पाचव्या मिनिटाला कंटाळून वासरू बघायला गेली होती. पण त्या अर्धवट उठण्यात मोठं काम होतं. अंडी फिरवली नाहीत तर आतला जीव कवचालगतच्या पापुद्र्याला चिकटून बसतो. उबवणी यंत्रातही म्हणूनच ट्रे ठरावीक वेळानं कलते करतात.

संध्याकाळी चिंचांवर गडबड सुरू झाली. एक-एक करून मोर-लांडोरी धावत येत, जड अंगानं उडत आणि फांदीवर आदळल्यासारख्या बसत. अंधार पडता पडता वीसेक आकृत्या मोजल्या. गावात दिवे लागले, मोरांचा ‘म्याँव’ असा ताणलेला सूर चिंचेवरून चिंचेवर गेला. एवढा मोठा पक्षी रात्री झाडावर का चढतो हे शिरूर-जुन्नरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. इथल्या उसात बिबट्या राहतो. शिवाय कोल्हा, रानमांजर, मुंगूस आणि अलीकडे सगळ्यांत जास्त भटकी कुत्री. बांधावरची ती मात्र खालीच. वर्षातले हे अठ्ठावीस दिवस लांडोर जमिनीवर रात्र काढते, एकटी. मोर उबवणीला बसत नाही, पिल्लांना भरवत नाही, राखणीलाही येत नाही. नर अंड्यांवर बसल्याची एक अपवादात्मक नोंद पक्षीशास्त्रात आहे आणि ती अपवाद म्हणूनच सांगितली जाते. रात्री साडेअकराच्या सुमारास चिंचेवरचे सगळे मोर अचानक ओरडले. बांधाच्या दिशेनं काही चाललं होतं का, कोण जाणे. मी अंथरुणात उठून बसले. आजी पलीकडच्या खाटेवरून म्हणाल्या, “झोपा ताई. काही असलं तर आता इलाज न्हाय.”

पहाटे साडेपाचला भाच्याच्या लेकीला हवा होता तो नाच झाला. बाजरीच्या कडेला एका सपाट तुकड्यावर मोर आला, वळला, आणि पिसारा उघडला. हा पिसारा म्हणजे शेपूट नव्हे. शेपटीच्या मुळावरची दीड-दोनशे पिसं लांब वाढलेली असतात, खरी आखूड शेपूट मागून त्यांना टेकू देते. मागून पाहिलं तर ती करड्या रंगाची शेपूट दिसते, आणि मोर मागून फार विनोदी दिसतो. तो थरथरला, पिसं सळसळली. तीन लांडोरी समोर दाणे टिपत होत्या. एकीनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा खाली.

आपण तो नाच आपल्यासाठी किंवा पावसासाठी समजतो. तो असतो या टिपणाऱ्या बायांसाठी, आणि निवड त्यांची असते. लंडनच्या उत्तरेला व्हिप्सनेड इथल्या प्राणिसंग्रहालयाच्या मोकळ्या आवारात मोर हिंडतात. तिथे मॅरिअन पेट्री या शास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं लांडोरींच्या निवडीची नोंद ठेवली. १९९१ मध्ये त्यांनी दाखवलं की पिसाऱ्यावर डोळे जास्त असलेल्या मोराला लांडोरी जास्त पसंत करतात. १९९३ मध्ये त्याहून विशेष गोष्ट मांडली: मोठ्या पिसाऱ्याच्या मोराशी जोडी जमली तर लांडोर अंडीही जास्त घालते. म्हणजे घरट्यात चार असावीत की सहा, याचा हिशेब ती नवरा बघून करते. पुढच्या वर्षी अशा मोरांची पिल्लं जास्त जगतात असंही त्यांनी मांडलं. मग २००८ मध्ये जपानमधून मारिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांचं सात वर्षांचं काम आलं. त्यांच्या बागेतल्या लांडोरींना पिसाऱ्याचं काही सोयरसुतक नव्हतं. २०१३ मध्ये अमेरिकेत लांडोरीच्या डोक्यावर नजर टिपणारा छोटा कॅमेरा बसवला तेव्हा दिसलं, की नाच चालू असतानाही तिची नजर बराच वेळ भलतीकडेच असते, आणि मोराकडे असली तर पिसाऱ्याच्या खालच्या बाजूला. वरचा सगळा देखावा लांबून लक्ष वेधण्यापुरता असावा. शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. बाजरीच्या कडेला त्या सकाळी मला जपानी मंडळींचं म्हणणं जास्त पटलं.

न्याहारीला भाच्यानं अपेक्षित प्रश्न विचारला. मोर ब्रह्मचारी असतो आणि लांडोर त्याचे अश्रू पिऊन गाभण राहते, हे खरं का? हा समज आपल्याकडे कीर्तनापासून शाळेपर्यंत पसरलाय. २०१७ साली राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीही तो पत्रकारांना सांगितला आणि देशभर त्याची चर्चा झाली. समज का पडला असेल ते कळतं. नाच लांबलचक आणि चारचौघांत. मीलन क्षणभराचं आणि आडोशाला. जे दिसलं त्यातून लोकांनी गोष्ट जुळवली. खरं तर मोराचा कारभार कोंबड्यासारखाच. नर लांडोरीच्या पाठीवर चढतो, काही सेकंदांत उतरतो. आजींनी हे सगळं भाकरी थापता थापता ऐकलं. “आसवं पिऊन?” त्या म्हणाल्या. “मग आमच्या कोंबड्यानं काय घाम गाळायचा?”

त्यांनी आम्हाला निरोप देताना तारीख सांगितली. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी लांडोर बसली, तेव्हापासून उठलेली दिसली नाही. आषाढी एकादशीपासून मोजलं तर नागपंचमी होईल आणि राखीच्या चार दिवस आधी फुटतील. नागपंचमीला या भागात चिरत-कापत नाहीत, विळा हातात घेत नाहीत. तेवढा एक दिवस बांधावरच्या घरट्याला सणाचाच पहारा होता.

राखीच्या आदल्या आठवड्यात आजींच्या नातवाचा फोन आला. “उठली. तीन पिल्लं हायत.”

जायला जमलं ते गोकुळाष्टमीच्या सुट्टीत, पिल्लं बारा-तेरा दिवसांची झाल्यावर. रानं बदलून गेली होती. बाजरी छातीला लागत होती. मोर आता ओळखू येत नव्हते. पावसाळा सरत येतो तशी त्यांची लांब पिसं गळतात, आणि कालपर्यंतचा राजा लांब मानेच्या मोठ्या कोंबड्यासारखा झाडाखालून चोरट्यानं निघून जातो. लांडोर बसून उठते त्याच सुमाराला मोराचं सगळं उतरत असतं. भाच्याच्या लेकीला बांधावर दोन पिसं सापडली, डोळ्यासकट. गळलेलं पीस घरी नेण्यात गुन्हा नाही, विदेशात मात्र पाठवता येत नाही. अष्टमीला मोरपीस मिळालं म्हणून ती दिवसभर ते डोक्याला लावून हिंडली.

घरटं आता जवळून बघायला हरकत नव्हती. खळगा पावसानं निम्मा बुजला होता. तीन कवचं होती, जाड टोकाकडून टोपी काढावी तशी गोल कापलेली. ही खूण महत्त्वाची. पिल्लाच्या चोचीच्या टोकाला एक बारीक टणक दात असतो. जाड टोकाशी हवेची पोकळी असते, तिथे ते पहिला श्वास घेतं, कवचाला टोचा मारतं आणि हळूहळू गोल फिरत टोपी कापतं. मुंगसानं फोडलेलं अंडं असं नसतं, त्याचे तुकडे वेडेवाकडे असतात आणि आत पिवळं वाळलेलं असतं. बाहेर पडण्याच्या आधीच पिल्लं कवचातून चिवचिवतात आणि आई बारीक आवाजात उत्तर देते, त्यामुळे बाहेर आल्यावर कुणाच्या मागे जायचं ते त्यांना ठाऊक असतं. पोटात पिवळ्या बलकाची शिदोरी असते. तीवर पहिले एक-दोन दिवस निघतात, तोवर पिसं सुकतात आणि आई निघते. मागे राहिलेल्यांसाठी थांबत नाही. पाचातली दोन अंडी खळग्यात तशीच होती. एकाला चीर पडली होती आणि मुंग्यांची रांग लागली होती. मी ती अंडी हलवली नाहीत.

पिल्लं संध्याकाळी दिसली. आधी लांडोर आली. दहा पावलं चालायची, थांबायची, मान उंच करायची. मग बाजरीतून पिल्लं बाहेर पडली, लाव्यापेक्षा जरा मोठी, मातकट, पंखांवर बदामी पट्टे. एवढ्या वयात पंखांची पिसं चांगली आली होती, डोक्यावर तुऱ्याच्या जागी नुसतं उभं राहिलेलं लव होतं. रिमझिम थांबल्यावर वाळव्या उडायला लागल्या होत्या. लांडोर वाळवी पकडायची आणि गिळायची नाही, चोचीच्या टोकात धरून मान खाली करायची. पिल्लू येऊन ती टोकातून ओढून घ्यायचं. कोंबडी दाणा खाली टाकून ‘टुक-टुक’ करते. ही हातात द्यावं तसं चोचीत देत होती. मी आणि आजी कितीतरी वेळ हे बघत होतो. “ही रीत येगळी,” आजी म्हणाल्या. चाळीस वर्षं मोरांत राहून त्यांनी हे आज पहिल्यांदा नीट पाहिलं असावं, कारण त्या उठायला तयार नव्हत्या.

अंधारायला लागलं. लांडोर उंच चिंचेकडे गेली नाही. विहिरीजवळच्या बुटक्या बाभळीच्या आडव्या फांदीवर, पुरुषभर उंचीवर ती उडून बसली आणि घोगऱ्या आवाजात बोलवायला लागली. एक पिल्लू पहिल्याच उडीत पोचलं. दुसऱ्याचा नेम चुकला, ते खाली गवतात पडलं, काही वेळ गप्प राहिलं, मग पुन्हा उडालं आणि फांदीला लटकत लटकत चढलं. लांडोरीनं पंख जरा उचलले. एक डावीकडे शिरलं, एक उजवीकडे. बाहेर फक्त तिचा तुरा आणि चार बारीक पाय दिसत राहिले.

“दोनच?” भाच्याच्या लेकीनं कुजबुजत विचारलं. “तिसरं?”

“परवा तीन व्हती,” आजी म्हणाल्या, आणि काठी टेकून खुराड्याचं दार लावायला निघाल्या.